आधी घरच्या कोर्टाची पायरी

९ एप्रिल २०२४ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने हवामानबदलाविषयीचे तीन निकाल दिले. स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध स्त्रियांची संघटना आपल्या सरकारविरुद्ध जिंकली. पोर्तुगालमधल्या सहा मुलांनी आणि तरुणांनी पोर्तुगालसह तेहतीस देशांविरुद्ध केलेला अर्ज मात्र ग्राह्यच धरला गेला नाही. बत्तीस परक्या देशांच्या बाबतीत अडचण अधिकारक्षेत्राची होती. खुद्द पोर्तुगालच्या बाबतीत कारण वेगळे होते. आपल्या देशातल्या एकाही न्यायालयात दाद न मागता हे अर्जदार थेट स्ट्रासबर्गला आले होते.

या निकालावर जी प्रतिक्रिया उमटली, तिच्याशी माझा वाद आहे. मुलांना तांत्रिक मुद्द्यावर बाहेर काढले, असे म्हटले गेले. त्याआधी ग्रेटा थुनबर्गसह सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध केलेली तक्रार २०२१ मध्ये याच अटीवर अडली होती, तेव्हाही हाच सूर होता. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर जाण्यापूर्वी आपल्या देशातले कायदेशीर उपाय संपवले पाहिजेत, ही ती अट. ती सरकारांनी स्वतःच्या बचावासाठी उभी केली आहे, पीडिताला दमवणे हेच तिचे काम आहे, म्हणून ती काढून टाकावी, हे मत चळवळीत आणि कायद्याच्या वर्गांत आता जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात वावरते. ते मत चुकीचे आहे. शिवाय ते मान्य झाले, तर पहिला आणि सर्वांत मोठा तोटा पीडिताचाच होईल.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी.

त्याचा पहिला आधार इतिहासाचा आहे. ही अट मानवी हक्कांसाठी जन्मलेलीच नाही. परदेशात एखाद्या नागरिकाचे किंवा कंपनीचे नुकसान झाले की त्याचे सरकार त्याच्या वतीने भांडायला उभे राही. दोन राष्ट्रांत असे भांडण जुंपण्याआधी त्या माणसाने तिथल्या न्यायालयात जाऊन पाहावे, एवढाच या नियमाचा हेतू होता. १९५९ मध्ये इंटरहँडेल खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेचा आक्षेप मान्य केला आणि स्वित्झर्लंडचा दावा ऐकला नाही, तो याच नियमापोटी. चूक ज्या राष्ट्राकडून घडली, त्याला ती आपल्याच कायद्याने दुरुस्त करण्याची संधी आधी मिळावी, हे सूत्र तिथे पक्के झाले. १९८१ मध्ये व्हिव्हियाना गायार्दो प्रकरणात आंतर-अमेरिकी न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले की हा नियम राष्ट्राच्या हितासाठी आहे, म्हणून राष्ट्राला तो सोडूनही देता येतो. न्यायालयच जर असे म्हणत असेल, तर आणखी पुरावा कशाला?

दुसरा आधार नैतिक आहे. ज्याच्या पोलिसांनी छळले, त्याच्याच न्यायालयात न्याय मागायला लावणे हा पीडितावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय. त्याच्या जोडीला पैसा आणि वेळ आहेच. वकिलाची फी, कनिष्ठ न्यायालय, अपील, पुन्हा अपील; या सगळ्यात साक्षीदार मरतात, कागद हरवतात, माणूस खचतो.

तिसरा आधार निकालांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. १९९९ च्या युद्धात लष्करात बोलावलेल्या सर्बियातल्या राखीव सैनिकांना दैनिक भत्ते मिळाले नाहीत. पुढे सरकारने मोजक्या तालुक्यांतल्या सैनिकांनाच ते दिले. २०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या छोट्या पीठाने हा भेदभाव ठरवला. २०१४ मध्ये वुचकोविच निकालात मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला, कारण भेदभावाची तक्रार या सैनिकांनी आपल्या देशातल्या न्यायालयांत नीट मांडलेलीच नव्हती. एका पीठाला दिसलेला अन्याय दुसऱ्या पीठापुढे केवळ या अटीमुळे तपासला गेला नाही. ही गोष्ट कुणालाही सहज पचणारी नाही.

पूर्वपक्ष इतका भक्कम आहे. आता त्याची तपासणी.

जन्म कुठे झाला यावरून नियमाची आजची किंमत ठरत नाही. तो जुना काळ मराठी वाचकाला सावरकरांच्या प्रकरणातून ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात मोरिया बोटीतून त्यांनी उडी मारली, किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या ताब्यात दिले. पुढे हेगच्या लवादापुढे खटला उभा राहिला तो फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात. वाद होता फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने अटकेत आणि ताबा देण्यात अनियमितता झाल्याचे मानले, आणि तरीही कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरवले. ज्याच्या आयुष्याचा निकाल लागत होता, तो माणूस त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. त्या व्यवस्थेत व्यक्तीला स्वतःचा आवाज नव्हता. देशांतर्गत उपायांचा नियम त्या व्यवस्थेत केवळ राष्ट्रांमधला शिष्टाचार होता, हे मान्य.

१९५० च्या युरोपीय करारानंतर मात्र चित्र पालटले. व्यक्तीला स्वतः तक्रार करण्याचा मार्ग मिळू लागला. त्या मार्गाबरोबर जुना नियम आला खरा, पण तो एकटा आला नाही. त्याच कराराच्या तेराव्या कलमाने राष्ट्रावर बंधन घातले की हक्कभंग झालेल्या प्रत्येकाला देशातच परिणामकारक उपाय उपलब्ध असला पाहिजे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही दुसऱ्या कलमात हेच बंधन आहे. २००० मध्ये कुदुआ वि. पोलंड या निकालाने या दोन गोष्टी किती घट्ट जोडलेल्या आहेत ते दाखवले. नागरिकाने आधी माझ्याकडे यावे, असे राष्ट्र म्हणू शकते ते एवढ्याचसाठी, की आलेल्याला खरा उपाय देण्याचे वचन त्याने दिले आहे. वचन पाळले नाही, तर अटही उरत नाही. पूर्वपक्ष अट वाचतो, आणि वचन वाचायचे राहून जाते.

आणि गायार्दो प्रकरणातले ते वाक्य? ते तर पूर्वपक्षाच्या विरोधातच जाते. नियम राष्ट्राच्या हिताचा असेल, तर तो राष्ट्राचा बचाव झाला. बचाव जो घेतो, त्यानेच तो वेळेत घ्यायचा असतो आणि सिद्धही करायचा असतो. याच न्यायालयाने ही पुढची पायरी १९८८ मध्ये ओलांडली, आणि ती कशी ओलांडली हे जवळून पाहण्यासारखे आहे.

मानफ्रेदो वेलास्केस हा होंडुरासमधला विद्यार्थी. १२ सप्टेंबर १९८१ रोजी राजधानी तेगुसिगाल्पामध्ये साध्या वेशातल्या सशस्त्र माणसांनी त्याला उचलले. तो परत आला नाही. १९८१ ते १९८४ या काळात त्या छोट्या देशात शंभर ते दीडशे माणसे अशीच नाहीशी झाली, असे पुढे न्यायालयाला आढळले. त्याच्यासाठी हेबियस कॉर्पसचे तीन अर्ज झाले, फौजदारी तक्रारी झाल्या. काहीच निष्पन्न झाले नाही. आंतर-अमेरिकी न्यायालयात होंडुरास सरकारने आक्षेप घेतला की देशातले उपाय संपलेले नाहीत. न्यायालयाने मग त्या उपायांचीच झडती घेतली. होंडुरासच्या कायद्याप्रमाणे हेबियस कॉर्पसच्या अर्जात कैद्याला कुठे ठेवले आहे आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकमाने, हे सांगावे लागे. ज्याला गुप्तपणे पळवून नेले आहे, त्याचा ठावठिकाणा अर्जदार सांगणार कसा? ठावठिकाणा माहीत असता तर अर्ज कशाला करावा लागला असता? न्यायालयाने ठरवले की उपाय कागदावर असून भागत नाही. तो त्या हक्कभंगाला लागू पडणारा हवा आणि प्रत्यक्षात फळ देणारा हवा. उपाय शिल्लक आहे असे जो म्हणतो, त्याने तो दाखवावा. होंडुरासला दाखवता आला नाही. सरकारचा आक्षेप फेटाळला गेला, आणि फेटाळताना जे बाहेर आले, ते सरकारच्या विरोधात पुरावा म्हणून उभे राहिले.

ही अट सरकारच्या बचावासाठीच असती, तर तिच्यामुळे सरकार असे उघडे पडले असते का?

आता नैतिक आक्षेपाकडे येऊ. छळणाऱ्याच्याच दारात जायला लावणे अन्यायाचे आहे, यात दुमत नाही. प्रश्न असा आहे की ही अट तसे करायला लावते का. आग्नेय तुर्कस्तानात दियारबाकीर प्रांतातल्या केलेकची गावातली घरे नोव्हेंबर १९९२ मध्ये सुरक्षा दलांनी जाळली. गावकरी देशातल्या न्यायालयात गेले नाहीत. सरकारने प्रशासकीय न्यायालयांकडे आणि राज्यघटनेतल्या भरपाईच्या कलमाकडे बोट दाखवले. १९९६ च्या अक्दिवार निकालात मोठ्या पीठाने साधी विचारणा केली: सुरक्षा दलांनी मुद्दाम घरे जाळली म्हणून भरपाई मिळाल्याचे एक तरी उदाहरण आहे का? एका तरी जवानावर खटला झाला का? इतकी गावे उद्ध्वस्त झालेली असताना सरकारला एकही उदाहरण देता आले नाही. गावकऱ्यांना त्या न्यायालयांत जाण्याची गरज नाही, असे ठरले.

त्याच वर्षीचे झेकी अक्सोय यांचे प्रकरण याहून विदारक आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पकडले. हात पाठीमागे बांधून टांगले. सुटकेपूर्वी त्यांना सरकारी वकिलापुढे उभे केले आणि जबाबावर सही करायला सांगितले. अक्सोय यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी सांगितले की हात हलत नाहीत, सही कशी करू? काही दिवसांनी रुग्णालयात दोन्ही हातांना पक्षाघात झाल्याचे निदान झाले. त्यांनी स्ट्रासबर्गकडे तक्रार नेली, आणि एप्रिल १९९४ मध्ये त्यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. खटला वडिलांनी पुढे चालवला. सरकारचे म्हणणे होते की त्यांनी फौजदारी तक्रार करायला हवी होती. न्यायालयाने विचारले की हातांची ती अवस्था समोर असताना सरकारी वकिलाने स्वतःहून चौकशी का केली नाही? ज्याने चौकशी करायची तोच गप्प राहिला, तर पीडिताला तिथे न्याय मिळणार नाही असे वाटणे समजण्यासारखे आहे. अट शिथिल झाली. तुर्कस्तान दोषी ठरला.

गरिबी आणि भीती यांचेही तसेच. १९९० मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाने सल्लागार मतात सांगितले की गरिबीमुळे ज्याला आवश्यक कायदेशीर मदत मिळत नाही, किंवा सर्वत्र पसरलेल्या भीतीमुळे ज्याची बाजू घ्यायला वकीलच धजत नाहीत, त्याला ही अट लागू नाही. पूर्वपक्ष ज्या दुःखांची यादी करतो, ती सगळी नियमाच्या आतच विचारात घेतलेली आहेत.

राहिला वेळ. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. तारखांवर तारखा कशा पडतात हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. पण नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा पूरक प्रोटोकॉल पाचव्या कलमातच सांगतो की उपाय अवाजवी लांबत असतील तर अट लागू होणार नाही. आफ्रिकी सनदेच्या छप्पन्नाव्या कलमातही हाच अपवाद आहे. इटलीचे उदाहरण तर या वादाचा निकालच लावते. तिथल्या दिरंगाईच्या तक्रारींचा स्ट्रासबर्गमध्ये ढीग झाला. शेवटी २००१ मध्ये इटलीने पिंटो कायदा केला: खटला लांबला तर देशातच भरपाई. त्याच वर्षी स्ट्रासबर्गने अर्जदारांना त्या कायद्याकडे परत पाठवले. पूर्वपक्ष येथेच थांबतो आणि म्हणतो, बघा, सरकार सुटले. सुटले का? २००६ मध्ये स्कोर्दिनो निकालात मोठ्या पीठाने तीच भरपाई तपासली, ती तुटपुंजी आणि उशिरा दिली जाणारी ठरवली, आणि इटलीला पुन्हा दोषी धरले. ही अट सरकारला वेळ देते, आणि त्या वेळात काय केले याचा हिशेब मागायला परत येते. स्ट्रासबर्गला न गेलेल्या हजारो सामान्य इटालियन नागरिकांना घराजवळ दाद मागण्याची सोय झाली, ती याच दबावातून. थेट स्ट्रासबर्गला जाण्याची मुभा असती, तर इटलीने कायदा केलाच कशासाठी असता?

आता मूळ प्रकरणाकडे, कारण तिथे पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. स्विस स्त्रियांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या सरकारकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. २०१८ मध्ये प्रशासकीय न्यायालयात त्या हरल्या, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरल्या. त्यानंतर त्यांनी स्ट्रासबर्ग गाठले. २०२४ च्या निकालात खाजगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरलेच, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट एकमताने ठरली. स्विस न्यायालयांनी संघटनेची तक्रार गांभीर्याने घेतली नाही, तिने मांडलेल्या शास्त्रीय पुराव्याला भिडण्याचे टाळले, आणि त्यामुळे न्यायालयात जाण्याच्या हक्काचाही भंग झाला. म्हणजे देशात झालेले पराभव वाया गेले नाहीत. ते पराभवच पुरावा झाले. प्रत्येक नकाराचा कागद स्ट्रासबर्गपुढे सरकारविरुद्ध साक्ष देत होता.

पोर्तुगीज तरुणांची कळकळ मला मान्य आहे. २०१७ च्या वणव्यांत त्यांच्या देशात शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्या आगींतून हा लढा उभा राहिला. तेहतीस देशांच्या न्यायालयांत जाणे आम्हाला अशक्य होते, हा त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. पण प्रश्न स्वतःच्या देशाचा होता. पोर्तुगालच्या राज्यघटनेत निरोगी पर्यावरणाचा हक्क आहे. लोकहितासाठी कुणालाही दावा करता येतो. तिथे एक पाऊलही टाकले गेले नाही, आणि म्हणून स्ट्रासबर्गपुढे ना तपासलेली वस्तुस्थिती होती, ना हे अर्जदार नेमके कशाने बाधित झाले याची स्थानिक न्यायालयाने केलेली छाननी. शिवाय थेट जाऊन वेळ तरी वाचला का? त्यांचा अर्ज सप्टेंबर २०२० चा, स्विस स्त्रियांचा नोव्हेंबर २०२० चा. निकाल एकाच दिवशी लागला.

स्ट्रासबर्गच्या कक्षेत सेहेचाळीस देश, सुमारे सत्तर कोटी माणसे, आणि प्रत्येक देशाचा एक याप्रमाणे सेहेचाळीस न्यायाधीश. गावात जाऊन पंचनामा करणे, साक्षीदार तपासणे, वैद्यकीय कागद ताब्यात घेणे ही कामे स्थानिक न्यायालय करते. आंतरराष्ट्रीय न्यायालय ती क्वचितच आणि अपुरी करू शकते. कैद्याला सोडणे, अधिकाऱ्याला शिक्षा करणे, जमीन परत देणे हेही शेवटी देशातच घडते. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी भारत हेगच्या न्यायालयात जिंकला. तो दावा भारताने राष्ट्र म्हणून केला होता, व्यक्तीची तक्रार म्हणून नव्हे, हे खरे. पण आदेश काय मिळाला? शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा, आणि तो पाकिस्तानने करावा. घरच्या न्यायालयाला ओलांडून जाणारा मार्ग फिरून तिथेच येतो.

ही अट नसलेली व्यासपीठे आहेतच. संयुक्त राष्ट्रांचा मनमानी स्थानबद्धतेविषयीचा कार्यगट १९९१ पासून काम करतो. त्याच्याकडे जाण्यासाठी देशातले उपाय संपवावे लागत नाहीत. त्याचे काम मोलाचे आहे, पण त्याची मते सरकारांवर न्यायनिवाड्यासारखी बंधनकारक नाहीत. स्ट्रासबर्गचा निकाल बंधनकारक असतो. राष्ट्रांनी असा अंकुश मान्य केला तो आधी स्वतः दुरुस्ती करण्याची संधी मिळेल या भरवशावर. ती अट काढा, आणि निकाल बंधनकारक मानायला किती सरकारे तयार राहतील ते पाहा.

वुचकोविचचे काय? त्या निकालाची मला चुटपुट लागते. तरी त्यात सांगितलेले सूत्र असे आहे की तक्रार कलमाच्या आकड्यासह नसली तरी चालेल, पण तिचा गाभा देशातल्या न्यायालयाला ऐकवलेला असावा. जे घरी सांगितलेच नाही, त्याबद्दल घरच्यांनी ऐकले नाही असे बाहेर कसे म्हणता येईल? माझा खरा आक्षेप दुसऱ्याच निकालावर आहे. २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर तुर्कस्तानने लाखाहून अधिक सरकारी नोकरांना बडतर्फ केले. जून २०१७ मध्ये कोक्साल प्रकरणात स्ट्रासबर्गने अर्जदाराला एका चौकशी आयोगाकडे पाठवले. त्या आयोगाने तोवर एकही अर्ज स्वीकारलेला नव्हता. अक्दिवार निकालात याच न्यायालयाने सरकारकडे उदाहरण मागितले होते. येथे उदाहरण असणे शक्यच नव्हते. न्यायालयाने आपलीच कसोटी येथे सैल केली. टीका करायची तर येथे करा, आणि कठोर करा. पण ती टीका नियम नीट लावला नाही म्हणून आहे, नियम आहे म्हणून नाही.

भारतीय वाचकाने तर या वादात आणखी सावध राहिले पाहिजे. १८ डिसेंबर १९९६ रोजी स्ट्रासबर्गमध्ये अक्सोय निकाल लागला, आणि त्याच दिवशी दिल्लीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटक आणि कोठडीसाठी अकरा बंधने घालून दिली. त्याआधी १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात याच न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूची भरपाई देताना नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. घरच्या न्यायालयाची ताकद ती ही. पण ही बंधने पाळली गेली नाहीत, तर पुढे कुठे जायचे? भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारला. व्यक्तीला जिनिव्हातल्या समितीकडे तक्रार करू देणारा त्याचा पूरक प्रोटोकॉल आजवर स्वीकारलेला नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, मंजुरी दिलेली नाही. आपल्याकडे उपाय संपवण्याची अट कुणालाच अडवत नाही, कारण ती पार करून जायला पुढे जागाच नाही.

मागणी करायची ती या जागेची. ती केली की सरकारचे उत्तर ठरलेले असेल: आमची न्यायालये समर्थ असताना बाहेरचे व्यासपीठ कशाला? त्याला तोंड देणारा युक्तिवाद एकच आहे, आणि तो ही अटच पुरवते: न्यायालये समर्थ असतील तर त्यांना डावलून एकही तक्रार जिनिव्हाला ऐकली जाणार नाही, मग भीती कशाची? अट काढून टाका म्हणणाऱ्यांनी सरकारच्या या प्रश्नाला दुसरे कोणते उत्तर योजले आहे?